तुकोजी पिसाळांचा फोन थरथरेना

बिघडलेलं शिलाई मशीन तुकोजी पिसाळांसमोर ठेवलं, की ते आधी पाना काढत नाहीत, चष्मा काढतात. मशीनच्या मानेवर उजवा तळहात टेकवतात, डोळे मिटतात आणि मालकिणीला म्हणतात, "चालवा." ती बिचारी पाय मारत राहते आणि हे ढिम्म. मिनिटभराने डोळे उघडून सांगतात, "वरचं सगळं ठीक आहे. खाली शटलला ओरखडा पडला आहे." उघडून पाहावं तर ओरखडा असतोच. ग्वाल्हेरात थाटीपूरपासून मुरारपर्यंत शिवणकाम करणाऱ्या बायका दुसऱ्या मेकॅनिकला मशीनला हात लावू देत नाहीत, यातच सगळं आलं.

हे कसब त्यांनी हौसेनं कमावलेलं नाही. ऐकू येत नाही, म्हणून ते हातात उतरलं आहे.

पिसाळांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. आजोबा रिसाल्यात होते. वडिलांनी मिलच्या फाटकावर चौकीदारी केली, आणि तुकोजी अठराव्या वर्षी त्या फाटकाच्या आत, मागांवर कामाला लागले. "दर पिढीला घोडं लहान होत गेलं," ते हसत सांगतात, "माझ्या वाट्याला सायकल आली." विणाई खात्यात शेकडो माग एकदम धडधडत. शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला कळायचं नाही. माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकत, आणि मागाला काय दुखतंय ते हात लावून ओळखायला. तुकोजी सव्विसाव्या वर्षी जॉबर झाले, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारे. पुढं मिल बंद पडली तोवर त्यांचे कान अर्धे गेले होते. उरलेले अर्धे नंतरच्या तीस वर्षांत गेले.

मुलीनं कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते त्यांनी पंधरा दिवस लावलं. त्यातून बायको, कुकर, कुत्रं आणि ट्रक सगळं एकाच आवाजात येई. "पुन्हा खात्यात जाऊन बसलो असं वाटतं," म्हणाले आणि यंत्र डबीत गेलं. ओठ मात्र ते असे वाचत, की रस्त्यापलीकडे कोणी कुजबुजलं तरी इकडून उत्तर यायचं. मराठी वाचत, हिंदी वाचत. बिर्लानगरात त्यांच्या गल्लीत कोणाची चहाडी करायची असेल तर लोक आधी तोंडावर रुमाल धरत.

बायकोशी, शालिनीताईंशी, त्यांचं सगळं आयुष्य असं ओठांवरच चाललं. ती ओट्यापाशी पाठमोरी पुटपुटे, जरा मान वळवली की यांना शेवटचे दोन शब्द दिसत आणि तेवढ्यावर हे भांडायला तयार. दोन वर्षांमागे शालिनीताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि तोंड एका अंगाला ओढलं गेलं. तुकोजींना वाचता येईल असा एकही शब्द त्या ओठांवर उरला नाही. डॉक्टर मालिशचं, औषधांचं काय काय सांगत होते. तुकोजी बायकोच्या तोंडाकडे पाहत होते, आणि आपण आज खरे बहिरे झालो असं त्यांना वाटलं.

वाट काढली ती मुलीनं. गरिमा इंदोरला शाळेत शिकवते. तिनं दोघांना दोन स्मार्टफोन आणून दिले. आईचा फोन गळ्यात दोरीला, आणि त्याच्या पडद्यावर एकच गोष्ट, बाबांचा भला मोठा फोटो. डाव्या अंगठ्यानं बाबांच्या नाकावर दाबलं की फोन लागतो. बाबांचा फोन शर्टाच्या खिशात, छातीशी, वायब्रेटवर. तो थरथरला की तुकोजी कॉल कापतात. कापला म्हणजे समजलं. एकदा थरथरला तर हातातलं काम संपवून या. लागोपाठ दोनदा थरथरला तर आहात तसे उठून या. बस, एवढीच भाषा. एका मुक्या आणि एका बहिऱ्या माणसानं तेवढ्यावर दोन वर्षं संसार केला. आणि तो काही रडतकढत केला नाही. शालिनीताई रागावल्या की दर दहा मिनिटांनी एकेक कॉल देऊन भर कामात नवऱ्याला हैराण करत, आणि हे दर वेळी इमानदारीनं कापत.

या भरवशावर तुकोजी सदुसष्टाव्या वर्षी सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून रोज चार घरं फिरत. शेजारच्या सुमनताई दिवसातून दोनदा डोकावून जात. बाकीचा वेळ शालिनीताई आणि ते एक बटण.

फाल्गुनातला मंगळवार होता. लगीनसराई तोंडावर, त्यामुळे सगळ्या मशिनींना एकदम दुखणी लागली होती. तुकोजी चार वाजता घरी आले, तर शालिनीताई खाटेशेजारी जमिनीवर. पाण्याच्या तांब्याला हात पुरवताना घसरल्या होत्या. सुमनताई त्या दिवशी नेमक्या एका साखरपुड्याला गेलेल्या. तुकोजींनी बायकोला उचलून खाटेवर घेतलं, पाणी पाजलं, हातपाय एकेक करून चाचपले. मोडलं काही नव्हतं. मग खिशातून फोन काढला. पडद्यावर नऊ मिस कॉल होते, पहिला पावणेतीनचा. नऊ वेळा तिनं हाक मारली आणि छातीवरच्या फोननं एकदाही कळवलं नाही.

शालिनीताई रडल्या नाहीत. त्यांनी डाव्या हातानं आपल्या फोनकडे दाखवलं, मग नवऱ्याच्या खिशाकडे, आणि मग रिकामा तळहात वर केला. का नाही आलात? तुकोजी खाली बसले आणि त्या तळहातावर त्यांनी आपलं कपाळ टेकवलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं हे झाकलं असतं. तुकोजींनी संध्याकाळीच गरिमाला व्हिडिओ कॉल लावून सांगून टाकलं. मिलमध्ये बंद पडलेला माग लपवणारा जॉबर सगळ्या पाळीचं कापड नासवतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. गरिमाचे ओठ पडद्यावर आधी थिजले, मग हलू लागले.

"बाबा, मी रविवारी येते. आईला माझ्याकडे घेऊन जाईन. तुम्ही पण चला."

"मी काय करू तिथं?"

"ते नंतर बघू. पण आई सव्वा तास जमिनीवर होती, बाबा. आता मी ऐकून घेणार नाही."

यात खोटं काय होतं? पोरीचं चुकत नव्हतं. इंदोरला दुसऱ्या मजल्यावरचं घर, दिवसभर एक बाई ठेवायची, संध्याकाळी गरिमा. शालिनीताईंचं खाणंपिणं, औषध सगळं नीट झालं असतं. फक्त चाळीस वर्षांचं घर सुटलं असतं, आणि तुकोजींना अडवायला तोंड नव्हतं. रविवारच्या आत फोन का थरथरत नाही ते सापडलं तरच काही बोलता येणार होतं. मंगळवार तर सरलाच होता.

बुधवारी सकाळी सुमनताईंना घरी बसवून ते मुरारच्या बाजारात सौरव जगदाळेच्या दुकानात पोचले. सौरव तिशीचा, मोबाइलच्या पोटात डोकं घालून बसणारा हुशार कारागीर. घरी मराठी, गल्ल्यावर हिंदी, आणि ओळखीचं माणूस आलं की दोन्हीची खिचडी.

"काका, सायलेंट वगैरे तर नाही केला?"

"मी काय आज जन्मलो का?"

तरी सौरवनं सगळं पाहिलं. वायब्रेशनचं बटण चालू होतं. बॅटरी वाचवायची सोय बंद होती. त्रास देऊ नका म्हणणारा तो अर्धचंद्रही बंद होता. फोन बंद करून पुन्हा चालू केला. मग स्वतःच्या फोनवरून कॉल लावला, तर तुकोजींचा फोन काउंटरवर गुरगुरत चालायला लागला.

"हा तर छान वायब्रेट होऊन राहिला आहे, काका."

"इथं होतो. मी कामावर असलो की नाही होत."

"मग मोटर वीक असेल. कभी चलती है, कभी नहीं. नवीन लावून देतो, टेन्शन मत लो."

मोटर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. तुकोजींनी ती आधी आपल्या तळहातावर मागून घेतली. सौरवनं दोन तारा लावल्या तशी ती गरगरली. तुकोजींनी डोळे मिटून तिची परीक्षा घेतली आणि "शहाणी आहे, लाव," असं प्रमाणपत्र दिलं. दुकानातले लोक हसले. सौरव हसला नाही, कारण त्याच्या आईचं मशीन याच हातानं तीनदा जिवंत झालं होतं.

गुरुवारी त्यांनी रीतसर चाचणी लावली. मिलमध्ये माग बंद पडला की वेळ खडूनं मागाच्याच अंगावर लिहायची पद्धत होती. चार दिवसांच्या खुणा पाहिल्या की दुखणं आपोआप दिसायचं. तुकोजींनी खडू घेतला आणि सायकलच्या मडगार्डवर रकाने आखले. सुमनताईंना सांगितलं, दर अर्ध्या तासाला शालिनीच्या फोनवरून एक कॉल द्यायचा. शालिनीताईंनी मात्र स्वतः दाबायला नकार दिला. मंगळवारपासून त्यांनी त्या फोटोकडे पाहिलंच नव्हतं. दोरी गळ्यातून काढून उशीखाली सारली होती. सुमनताईंनी ती तिथून घेतली.

दिवसभरात दहा कॉल झाले. तुकोजींना कळले दोन. एक टपरीवर चहा पिताना, किती वाजले म्हणून फोन हातात घेतला होता तेव्हा. दुसरा, मिस कॉल मोजायला फोन बाहेर काढला तेव्हा. दोन्ही वेळा फोन हातात होता, हे मडगार्डवर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण माणूस चिडला की स्वतःच्या अक्षरातलंही त्याला वाचता येत नाही. तुकोजींना फक्त आठ फुल्या दिसल्या.

शुक्रवारी ते दुकानाच्या पायरीवरूनच कडाडले. "तू लावलेली मोटर खोटी आहे! मला बुढ्ढा समजून काहीही गळ्यात मारतोस काय?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. समोर पाच गिऱ्हाइकं होती, त्यांना पुरेपूर कळलं. सौरवचे कान लाल झाले. तो फोन घेऊन बसला, उघडला, तपासला, पुन्हा कॉल लावला. फोन मजेत थरथरला.

"काका, फोन एकदम ओके आहे. सोमवार-मंगळवारी तुम्ही काही बदललं का? नवीन ॲप, नवीन कव्हर, काही?"

"मी काही नाही बदललं."

"मग असं करा, हातात बांधायचं घड्याळ घ्या. फोन आला की ते मनगटावर थरथरतं."

"आणि त्या घड्याळाला कोण सांगणार? हाच फोन ना?"

"हां, सांगणार तर हाच."

"जो बातमीच देत नाही त्याला मी अजून एक नोकर ठेवून देऊ?" असं म्हणून तुकोजी निघाले. घरी येईपर्यंत राग उतरला आणि त्याच्या जागी भीती बसली. गरिमानं निरोप पाठवला होता, रविवारी सकाळच्या गाडीनं येते, आईचे कपडे एकत्र काढून ठेवा. तुकोजींनी कपाट उघडलं, चार लुगडी बाहेर काढली आणि परत आत ठेवली. शालिनीताई खाटेवरून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

शनिवारी थाटीपूरला अपर्णाताईंकडे जायचं कबूल केलेलं. अपर्णाताई सरकारी कचेरीत आहेत, सुट्टीच्या दिवशी घरी ब्लाउज शिवतात. टाका सुटत होता. तुकोजींनी चष्मा काढला, हात टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पट्टा ढिला आहे." पट्टा ताणला, तरी टाका सुटतच राहिला. अपर्णाताई बघतच राहिल्या. वीस वर्षांत या माणसाचा हात खोटं बोलला नव्हता.

त्या वळून तुकोजींसमोर आल्या, ओठ दिसतील अशा. "काका, काय झालं आहे? तब्येत बरी आहे ना?"

तुकोजींनी मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. सांगताना हात मशीनवरच होता. "उद्या ती जाईल," म्हणाले, आणि तिथं त्यांचा आवाज फुटला. मग तुकोजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. चार दिवस हा फोन आपण सौरवच्या हातात दिला, सुमनताईंना कॉल लावायला बसवलं, मोटरसुद्धा तळहातावर घेऊन तपासली. पण मशीनला करतो ते फोनला केलंच नाही. जिथं तो बंद पडतो तिथंच, त्याच अवस्थेत, त्याच्यावर हात ठेवून पाहिलं नाही.

"ताई, मला फोन लावा. मी थांब म्हणेपर्यंत लावत राहा."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा जॉबरचा धर्म. आधी फोन हातात धरला. थरथरला. टेबलावर ठेवला, थरथरला. हत्यारांच्या पिशवीवर ठेवला, तरी थरथरला. मग शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून तळहात ठेवून डोळे मिटले. काही नाही. डोळे उघडले, तर अपर्णाताई हातवारे करून सांगत होत्या की रिंग जाते आहे. तुकोजींनी पुन्हा डोळे मिटले, श्वास धरला आणि हात आणखी दाबला. तेव्हा अगदी खोल, मुंगी चालावी इतकं काहीतरी जाणवलं. मोटर मेलेली नव्हती. ती सुटायला धडपडत होती आणि कोणीतरी तिला आवळून धरलं होतं.

"खिशात दुसरं काय आहे?" अपर्णाताईंनी विचारलं.

तुकोजींनी खिसा मशीनवर रिकामा केला. पेन्सिल, खडूचा तुकडा, औषधाची चिठ्ठी, आणि एका फडक्यात बांधलेलं काहीतरी, जे टणकन उडून मशीनच्या लोखंडाला जाऊन चिकटलं.

ते चुंबक होतं. झालं होतं असं, की हल्ली तुकोजींच्या बोटांना बारीक स्क्रू धरवत नाहीत. ते घरंगळतात, सुया पडतात, आणि शिवणाऱ्यांच्या घरात लहान मुलं रांगत असतात. म्हणून सोमवारी त्यांनी भंगारवाल्याकडून जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातलं एक चपटं, भारी जोराचं चुंबक आणलं. पहिल्यांदा पिशवीत टाकलं, तर तासाभरात पिशवीतल्या सगळ्या सुया, स्क्रू आणि कात्री त्याला लटकून त्याचा साळिंदर झाला. मग ते फडक्यात बांधून शर्टाच्या खिशात ठेवलं, कुणाला इजा नको म्हणून. फोनच्या पाठीला पाठ लावून. घरी आल्यावर ते फोन खिशातून काढत, सौरवकडे काउंटरवर ठेवत, आणि तिथं तो शहाण्यासारखा वागे. कामावर गेले की छातीशी ते चुंबक त्या बटणाएवढ्या मोटरला जागचं हलू देत नसे.

तुकोजींनी चुंबक खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन खिडकीच्या गजाला चिकटवलं. फोन खिशात ठेवला. अपर्णाताईंनी कॉल लावला. छातीवर जोरात थरथर झाली. चुंबक आणून फोनच्या मागं धरलं, थरथर विझली. काढलं, परत आली. असं त्यांनी सात वेळा केलं. पहिल्या तीन वेळा खात्रीसाठी आणि उरलेल्या चार वेळा आनंदासाठी.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, काका," अपर्णाताई म्हणाल्या.

"काखेत कुठं, छातीवर!" तुकोजी हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. काय बिघडलं, असं त्यांनी चार दिवस सगळ्यांना विचारलं होतं. सौरवनं काय बदललं असं त्यांना विचारलं तेव्हा ते ठणकावून म्हणाले होते, मी काही नाही बदललं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या जॉबरला स्वतःच्या हत्यारावर संशय घ्यावासा वाटला नव्हता. डोळे पुसून त्यांनी पुन्हा मशीनवर हात ठेवला आणि या वेळी बरोबर सांगितलं, "सुई वाकडी बसली आहे."

तिथून ते सरळ घरी गेले नाहीत. चुंबक मडगार्डच्या पत्र्याला चिकटवून मुरारला गेले आणि सौरवच्या दुकानाबाहेर उभे राहिले. आत दोनच गिऱ्हाइकं होती. तुकोजी थांबले. आणखी चार जमली तेव्हा आत शिरले.

"काल पाच माणसांसमोर तुला खोटा म्हटलं. आज सहा आहेत. तू खरा होतास, चूक माझ्या खिशात होती." आणि त्यांनी चुंबक काउंटरवर ठेवलं. माफी मागायला माणसं मोजून येणारा म्हातारा सौरवनं तरी पाहिला नव्हता. त्यानं लगेच स्वतःच्या फोनमागं चुंबक धरलं, कॉल लावला, आणि तोंडाचा आ केला. "काका, आठ साल से बैठा हूँ इस काउंटर पे, ऐसा केस नहीं देखा!" मग उठून त्यानं तुकोजींच्या पायांना हात लावला. मराठी घरातलं पोर, शेवटी तेच आठवलं.

रविवारी गरिमा आली. तुकोजींनी तिला सगळं सांगितलं, चुंबक लावून दाखवलं, काढून दाखवलं. गरिमानं नीट ऐकलं. मग त्यांच्यासमोर बसून, ओठ स्पष्ट हलवत, हळू बोलली.

"बाबा, तुम्ही शोधून काढलंत, मला माहीत होतं तुम्ही काढणार. पण आज चुंबक निघालं, उद्या दुसरं काही होईल. आईला बोलता येत नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. मी तिथं वर्गात उभी असते आणि माझं मन इथं असतं. मी काय करू, सांगा ना."

तुकोजींनी तोंडापर्यंत आलेलं गिळलं. "तू आईला पूस," म्हणाले. "ती बोलेल तसं होईल." आणि चहा ठेवायला ओट्याकडे वळले, कारण बायकोच्या तोंडाकडे बघत उभं राहणं त्यांना झेपलं नसतं.

गरिमा खाटेशी बसली. "आई, चलशील माझ्याबरोबर? तुला तिथं काही कमी पडणार नाही."

शालिनीताईंनी लेकीच्या गालावरून डावा हात फिरवला. पुष्कळ वेळ फिरवला. गरिमाला वाटलं, हो म्हणते आहे. तिनं खाटेखालून बॅगसुद्धा ओढली. मग शालिनीताईंचा हात उशीखाली गेला. त्यांनी मंगळवारपासून न शिवलेला फोन बाहेर काढला, छातीवर ठेवला, आणि अंगठा फोटोवर दाबला.

ओट्यापाशी पाठमोऱ्या तुकोजींच्या खिशात फोन थरथरला. गरिमाला तो खोलीच्या या टोकाला ऐकू आला. तुकोजींच्या हातातली साखरेची वाटी जागच्या जागी थांबली. त्यांनी खिशाशी हात नेला आणि मागं न पाहता कॉल कापला. शालिनीताईंनी लगेच दुसऱ्यांदा दाबलं.

दुसरी थरथर आली तशी तुकोजींनी वाटी टाकली आणि चार पावलांत खाटेशी आले. "आलो ग, आलो," ते मोठ्यांदा म्हणत होते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे. शालिनीताईंनी त्यांच्या शर्टाचा खिसा फोनसकट मुठीत धरला आणि लेकीकडे पाहिलं.

गरिमानं बॅग पायानं खाटेखाली परत ढकलली. डोळे पुसले, आईच्या हाताशी पडलेला फोन उचलला आणि बाबांच्या फोटोशेजारी सुमनताईंचा एक फोटो बसवू लागली. ओट्यावर चहा उतू गेला होता. तुकोजींना त्याचा आवाज आला नाही, आणि आला असता तरी ते उठू शकले नसते, कारण खिसा अजून सुटला नव्हता.